सहाय्यक व्हा, पण सही करण्याआधी वाचा

गेल्या पावसाळ्यात आमच्या कचेरीत एक मुलगी आली. इथल्याच, सोलापुरातल्या वस्तीतली. इंग्रजीची एम.ए., नेट पास आणि चार वर्षे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी. "जयभीम, सर" म्हणून तिने काही कागद पुढे ठेवले. अमेरिकेतल्या एका कॉलेजात हिंदी शिकवायला भाषा-सहाय्यक म्हणून नऊ महिन्यांसाठी तिची निवड झाली होती. सोबत आई. आई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. मुलीला व्हिसाची काळजी, आईला लेकीच्या जेवणाची. आम्ही कागद चाळत असताना आईने हळूच विचारले, "वकीलसाहेब, सहाय्यक म्हणजे शिपायाची नोकरी तर नव्हे?"

आम्ही हसलो नाही. पिढ्यान्‌पिढ्या राबायचे आपण आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव गाठीशी असलेल्या बाईने दुसरे काय विचारावे? आणि जिची मुलगी नेट पास होऊनही स्वतःच्या जिल्ह्यात तासावर पैसे घेते, तिला "सहाय्यक" या शब्दाचा भरवसा का वाटावा? इथे पदे रिकामी ठेवायची, आरक्षणाची बिंदुनामावली फायलीत झोपवायची, आणि मग "तुमची मुले परदेशी का पळतात?" म्हणून विचारायचे, ही आपल्या राज्यकर्त्यांची जुनी खोड आहे.

तिकडे भाषा-सहाय्यकाचे काम काय असते, ते त्या माउलीला आम्ही समजावले. मुख्य वर्ग प्राध्यापक घेतात. सहाय्यक मुलांना बोलते करतो, उच्चार सुधारतो, वह्या तपासतो, आपल्या देशाची ओळख करून देतो. स्वतः दोन-तीन विषयही शिकतो. राहण्या-जेवणाची सोय आणि दरमहा भत्ता मिळतो. काम मानाचे आहे, पण कागद नीट वाचला पाहिजे.

इथे आम्ही मायलेकींना धर्मानंद कोसंबींची हकीकत सांगितली. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस. हाती एकही पदवी नाही. बुद्ध जाणून घ्यायचा म्हणून १८९९ मध्ये घर सोडले, काशीच्या अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश गाठून पाली आत्मसात केली. ते जन्माने सारस्वत ब्राह्मण, म्हणून काशीच्या अन्नछत्राचे दार त्यांना उघडे होते. आमच्या आजोबांना तिथे पंगतीला कोणी बसवले नसते, एवढे नमूद करून पुढे जाऊ. १९१० मध्ये प्रा. वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. काम होते बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे. हेन्री वॉरन यांनी ते हाती घेतले होते, पण १८९९ मध्ये ते वारले आणि काम अडले. संस्कृतचे प्राध्यापक लॅनमन यांना खरी पाली जाणणारा माणूस हवा होता. कोसंबी राबले. पण ग्रंथाचे श्रेय कोणाचे, या प्रश्नावर दोघांचे बिनसले आणि काम अर्धवट टाकून कोसंबी १९१२ मध्ये परत आले. पोटापाण्याची हमी नसलेल्या माणसाने हार्वर्डला नकार दिला!

हार्वर्डचे त्यांच्यावाचून अडलेलेच राहिले. १९१८ मध्ये पुन्हा बोलावणे आले. त्या वेळी मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर त्यांच्याबरोबर होते. तोच दामोदर पुढे गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून जगाला कळला. धर्मानंदांच्या एकूण चार खेपा झाल्या. १९४० मध्ये त्यांनी 'विसुद्धिमग्ग'ची देवनागरी आवृत्ती मुंबईत काढली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. तिच्या मुखपृष्ठावर संपादक वॉरन आहेत आणि सुधारून देणारे म्हणून धर्मानंद कोसंबी. जागा दुसरी, पण नाव आहे.

आई एवढेच म्हणाली, "म्हणजे भांडले म्हणून नाव लागलं."

बाबासाहेबांचाही दाखला दिला. १९१३ मध्ये कोलंबियाला जाण्याआधी त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला होता : शिष्यवृत्ती घ्यायची आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करायची. अट पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्यात गेले, तर राहायला खोली मिळेना, आणि शिपाई टेबलावर लांबून फायली फेकू लागले. कराराच्या कागदावर हे कुठेच लिहिलेले नव्हते. म्हणून आम्ही मुलीला तिच्या कागदातले प्रत्येक कलम दोनदा वाचायला लावले. अशा देवाणघेवाणीच्या व्हिसावर पुष्कळदा अट असते, की मुदत संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय तिकडे कायमचे वास्तव्य मागता येत नाही. तिलाही ती लागू होती. तिकडे गेल्यावर कळण्यापेक्षा इथे कळलेले बरे.

मुलीच्या मनात वेगळेच होते. "सर, तिथल्या आपल्या लोकांनी आडनाव विचारलं तर?" प्रश्न खरा आहे. जात पासपोर्टशिवाय समुद्र ओलांडते. म्हणून तर ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला, आणि सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये कायदाच केला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही विधेयक संमत केले होते, ते गव्हर्नरांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नकाराधिकार वापरून परतवले. तिच्या कॉलेजचे नियम आम्ही छापून दिले आणि तक्रार कोणाकडे करायची त्या ओळीखाली रेघ मारली.

दुसरी भीती भाषेची. "माझी हिंदी सोलापुरी आहे, सर. शुद्ध नाही." अगं, मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत ऐकून वाढलेल्या पोरीने भाषेला भ्यायचे? दिल्लीची हिंदी ती पुस्तकातून शिकली आहेच. चार भाषांचा कान मात्र पुस्तकातून मिळत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा मिळाला. उद्या जगातल्या विद्यापीठांना पाली शिकवणारे हात हवे असतील, तर ते कोणाच्या घरातले असणार? आपल्या विहारांत मुलांना वंदना पाठ असते, व्याकरण नसते. या बाबतीत आम्ही सगळेच दोषी आहोत.

ऑगस्टमध्ये ती गेली. आईने शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली. पहिला महिना रडण्यात गेला, असे तिने नंतर कबूल केले. संध्याकाळी सहा वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसे. बर्फ पडला तेव्हा आईला व्हिडिओवर दाखवले, तर आई म्हणाली, "स्वेटर घाल, दाखवू नको." चौदा ऑक्टोबरला तिने आपल्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो ठेवून मेणबत्ती लावली. शेजारच्या खोलीतली केनियाची मुलगी स्वाहिलीची सहाय्यक, ती येऊन शेजारी बसली.

हिवाळ्यात तिचा आम्हाला फोन आला. वर्गातल्या पुस्तकात सगळी माणसे शर्मा नि मिश्रा, कोणाची आई कामाला जातच नाही. म्हणून तिने स्वतः एक पाठ लिहिला : सोलापूरच्या एका कारखान्यात टॉवेलला शिलाई मारणारी आई सकाळी डबा घेऊन निघते, वाटेत चार भाषांत बोलते. मुलांना तो आवडला. आता प्राध्यापकबाईंनी तो पुढच्या वर्षासाठी मागितला होता.

"सर, देऊ का?"

"दे," आम्ही म्हणालो, "पण पहिल्या पानावर नाव लिहून दे."

"लिहिलंय, सर. आईचं पण."