चुलीचा धूर आणि गावाची हवा

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की कारखान्यांची धुराडी व मोटारींचा धूर डोळ्यांसमोर येतो. परंतु भारताच्या हवेतील सूक्ष्म कणांचा एक फार मोठा उगम घराघरांतील चुलींत आहे. सरपण, गोवऱ्या किंवा पऱ्हाट्या चुलीत पूर्णपणे जळत नाहीत. सरपण ओले असल्यास बरीचशी उष्णता ते वाळविण्यातच खर्ची पडते. अशा अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू व काजळीचे कण बाहेर पडतात. त्यांतील २.५ मायक्रॉनहून लहान कण श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर शिरतात. त्यांचा पहिला आघात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीवर व तिच्या कडेवरील बालकावर होतो. पुढे तोच धूर छपरातून निघून साऱ्या गावाच्या हवेत मिसळतो.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण भागातील असंख्य घरांत गॅसची शेगडी आली. तथापि रिकामा सिलिंडर पुन्हा भरून आणणे परवडले नाही, तर चूल परत पेटते. म्हणूनच जोडणीइतकेच महत्त्व सिलिंडर नियमित भरला जाण्यास आहे. तोपर्यंत वाळलेले सरपण वापरणे व चुलीवर धुराडे बसविणे, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाने अवश्य करावे.