युरियाची हिरवाई

पिवळ्या पडू लागलेल्या मक्यावर युरियाची मूठ पडली की चार-आठ दिवसांत त्या पिकास जी टवटवी येते, तिचा मोह आमच्या शेतकऱ्यास असा काही जडला आहे की, जमिनीस नत्राखेरीज अन्य कशाची वाण असू शकेल, हा विचारच मागे पडला आहे. युरियात 46 टक्के नत्र असते आणि नत्राने पाला वाढतो, हे निर्विवाद. परंतु मुळे फोफावण्यास व दाणा धरण्यास स्फुरद हवे, ताटास काठिण्य येण्यास पालाश हवे, आणि जस्त, लोह यांसारखी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात लागत असली, तरी त्यांवाचून पीक अडते ते अडतेच. उत्पन्न ठरते ते विपुल असलेल्या द्रव्यावरून नव्हे, तर सर्वांत तोकड्या पडणाऱ्या द्रव्यावरून, हा सिद्धांत श्प्रेंगेल आणि लीबिग या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडला होता.

दख्खनच्या काळ्या जमिनीची प्रकृती तर आणखी निराळी. तीत पालाश बहुधा बऱ्यापैकी असते, सेंद्रिय कर्ब मात्र बेताचाच. आणि जेथे चुनखडी अधिक, तेथे घातलेल्या स्फुरदाचा बराचसा अंश चुन्याशी जखडून पिकास दुर्लभ होतो, तर लोह जमिनीत असूनही मुळांच्या हाती लागत नाही. उसावर ‘केवडा’ पडतो, कोवळी पाने पिवळी-पांढरी होतात, ती पुष्कळदा याच कारणाने. अशा उसास युरिया देणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरेच. शिवाय चुनखडीच्या रानात वरच्यावर फेकलेल्या युरियातील काही नत्र अमोनिया होऊन हवेत जाते, हे नुकसान वेगळेच.

याचा सारा दोष शेतकऱ्याच्या पदरी बांधणे मला अन्यायाचे वाटते. 2010 साली सरकारने स्फुरद-पालाशयुक्त खतांचे अनुदान अन्नद्रव्यांच्या हिशेबाने ठरवून त्यांच्या किमतींवरील बंधन सैल केले, युरियाचा भाव मात्र स्वतःच बांधून ठेवला. मग जे स्वस्त तेच गोणीगणिक रानात जाणार, यात नवल ते काय?

सेंद्रिय खताचा मार्ग आपणांस अपरिचित नाही. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूर येथे पालापाचोळा, शेण व गोमूत्रमिश्रित माती यांचे थर रचून कंपोस्ट करण्याची जी रीत बसविली, तिजवरील त्यांचा ग्रंथ 1931 मध्ये प्रसिद्ध झाला. आणि कडधान्याचा बेवड चांगला, हे तर आमच्या वडीलधाऱ्यांस त्याहून कितीतरी आधीपासून ठाऊक होते. तथापि केवळ शेणखतावर उसासारख्या खादाड पिकाची सर्व गरज भागेल, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. तेवढे शेण आता गोठ्यात आहे कोठे?

तेव्हा वाचकहो, पीक निघाल्यावर आणि खत टाकण्यापूर्वी, बांध, झाडाखालची जागा व उकिरडा वगळून, रानात नागमोडी फिरत वीतभर खोलीची माती ठिकठिकाणची घ्यावी, ती एकत्र कालवून सावलीत वाळवावी आणि तीपैकी अर्धा किलो माती तपासणीस धाडावी. खताची गोणी त्यानंतर आणावी.