वक्तृत्वशिक्षण व भाषणचिकित्सा

श्रोत्यांचे मत वळविण्याच्या हेतूने केलेल्या भाषणाची घडण शिकविणे म्हणजे वक्तृत्वशिक्षण आणि अशा भाषणातील युक्तिवाद, भावनेला केलेले आवाहन, भाषा व सादरीकरण यांची परीक्षा करणे म्हणजे भाषणचिकित्सा होय. पहिल्यात विद्यार्थी वक्ता असतो, दुसरीत तो सावध श्रोता असतो. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत वक्तृत्वाला जुनी परंपरा आहे. चिकित्सेचे अंग मात्र बव्हंशी उपेक्षित राहिले आहे.

वक्तृत्वाचा शास्त्र म्हणून विचार प्रथम प्राचीन ग्रीसमध्ये झाला. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) मन वळविण्याची तीन साधने सांगितली : वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना व प्रत्यक्ष युक्तिवाद. रोमन शिक्षणात या विषयाला मध्यवर्ती स्थान होते व क्विंटिलियनने (इ. स. पहिले शतक) बालवयापासूनच्या वक्तृत्वशिक्षणाची सविस्तर योजना मांडली. भारतीय परंपरेत न्यायदर्शनाने चर्चेचे वाद, जल्प व वितंडा असे तीन प्रकार केले. वादात सत्यनिर्णय हा हेतू असतो, जल्पात विजय. वितंडेत स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन केले जाते. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन हे अनुमानाचे पाच अवयव आणि छल, हेत्वाभास व निग्रहस्थाने यांची दर्शनात दिलेली चर्चा पाहता भाषणचिकित्सेची परिभाषा भारतीय शिक्षकाला परकी वाटण्याचे कारण नाही. शालेय पाठ्यक्रमात तिचा उपयोग क्वचितच होतो, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

मराठी समाजात मन वळविणाऱ्या भाषणाचे सर्वांत रुजलेले रूप कीर्तन हे होय. नारदीय कीर्तनातील पूर्वरंगात सिद्धांताचे निरूपण व उत्तररंगात आख्यान ही मांडणी म्हणजे प्रतिपादन आणि दृष्टांत यांची पक्की जोडणी आहे. वऱ्हाडात संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी ही चौकट सैल करून श्रोत्यांना प्रश्न विचारीत व त्यांच्याच तोंडून उत्तरे घेत कीर्तन केले. वऱ्हाडी बोलीतील या संवादामुळे निष्कर्ष श्रोत्याला स्वतःचाच वाटे. नागर वळणाचे वक्तृत्व इंग्रजी शिक्षणाबरोबर आले. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. तिच्या ज्ञानप्रसारक शाखेत मराठीतून निबंधवाचन व चर्चा होऊ लागली. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला (१८७५) ही न्यायमूर्ती म. गो. रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

वरच्या इयत्तांत चिकित्सेसाठी कोणते भाषण घ्यावे, याचा विचार करता महाड येथील चवदार तळ्याच्या सत्याग्रहप्रसंगी २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या मराठी भाषणाचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागेल. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही प्रत्यक्षात अडथळा कायम होता. अशा वेळी कायद्याचा आधार घेऊन पाण्याचा हक्क मागणे हा सरळ मार्ग होता. वक्त्याने तो मध्यवर्ती ठेवला नाही. तळ्याचे पाणी न पिताही आपण जगलो आहोत, ही गोष्ट त्यांनी आरंभीच मान्य करून टाकली. त्यामुळे पाण्याची गरजच काय, हा प्रतिपक्षाचा संभाव्य आक्षेप निकालात निघाला. मग वादाचा विषयच बदलला : स्पर्शाने पाणी बिघडेल म्हणून विरोध होत नसून अस्पृश्यांची समानता मान्य करावी लागेल म्हणून होतो, तेव्हा तळ्यावर जाणे हे पाण्यासाठी नसून माणूसपण सिद्ध करण्यासाठी आहे. पुढे त्यांनी या सभेची तुलना १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. केवळ स्पर्शबंदी उठून भागणार नाही, बेटीबंदीही गेली पाहिजे, येथपर्यंत हे प्रतिपादन पोहोचते.

या भाषणातील आवेश अनेकजण वाखाणतात. वर्गात मात्र खरी चर्चा फ्रेंच राष्ट्रसभेच्या तुलनेवर व्हावी. महाडला जमलेल्यांच्या हाती सत्ता नव्हती, व्हर्सायच्या सभेला ती लवकरच मिळाली. मग साम्य कोठे आहे? ते जाहीर केलेल्या तत्त्वात आहे, बळात नाही. उपमेची अशी सीमा ठरविता येणे हेच चिकित्सेतील कौशल्य होय. न्यायालयाच्या मनाईहुकमामुळे त्या वेळी सत्याग्रह तहकूब करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय १९३७ मध्ये आला. भाषणाची परिणामकारकता लगेच घडलेल्या कृतीने मोजणे किती अपुरे ठरते, हेही येथे विद्यार्थ्याला दिसते.

शाळेतील रूढ प्रकार याहून निराळा आहे. वक्तृत्वस्पर्धा जयंती-पुण्यतिथीला होतात. भाषण बहुधा शिक्षक वा पालक लिहून देतात व विद्यार्थी ते पाठ करतो. उच्चार, धिटाई व पाठांतर यांना त्याचा लाभ होतो, यात शंका नाही. परंतु पूर्वपक्ष नसलेल्या विषयावर, आधीच पटलेल्या श्रोत्यांपुढे केलेले भाषण कोणाचेही मत वळवीत नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील पल्लेदार वाक्ये पाठ करावी लागतात, ही अडचण त्यात मिळते. परीक्षापद्धतीनेही या विषयाला स्थैर्य दिलेले नाही. दहावीच्या भाषाविषयांतील तोंडी परीक्षेचे २० गुण २०१८-१९ मध्ये वगळण्यात आले. मार्च २०१९ चा निकाल आदल्या वर्षीच्या ८९·४१ टक्क्यांवरून ७७·१० टक्क्यांवर आला व पुढील वर्षी हे गुण पूर्ववत झाले. चर्चा झाली ती मुख्यतः गुणांची. मुलांना बोलता येते काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

विषय परिसरातील असल्यास काम सोपे होते. बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील सुलतानपूरसारख्या गावच्या विद्यार्थ्यांना लोणार सरोवर ओळखीचे असते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण लवणप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे आढळले; पाणी घटून क्षारता वाढणे त्यांना पोषक ठरले. त्याच वर्षी सरोवराला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. ‘सरोवराभोवती पर्यटनसोयी वाढवाव्यात’ असा प्रस्ताव ठेवल्यास रोजगार व संवर्धन हे दोन्ही पक्ष खरे व तुल्यबल असतात. ‘पाणी गुलाबी झाले, म्हणून सरोवर मरत आहे’ असे एखाद्या वक्त्याने म्हटल्यास यातील निरीक्षण कोणते, अनुमान कोणते व दोहोंना जोडणारा हेतू पुरेसा आहे काय, हे श्रोत्यांनी विचारावयाचे असते. ऐकणाऱ्याने उत्तर देण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत, त्या पक्षाला मान्य होईल असे सांगावे, हा नियम येथे विशेष उपयोगी पडतो. दुसऱ्या दिवशी त्याच विद्यार्थ्यांना पक्ष बदलून बोलावयास लावतात. परीक्षकाने आवाज व हावभाव यांच्याइतकेच गुण विचारलेल्या प्रश्नांनाही द्यावेत. तसे झाल्यास व्यासपीठावर न आलेल्या मुलांचाही या शिक्षणात वाटा राहतो.