बोटीवरचं नाव किती वर्षं टिकेल?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मी कधीकधी हा प्रश्न देते. फायबरच्या मासेमारी बोटीवर नाव आणि नोंदणी क्रमांक टाकायचाय, तर चिकटवायची अक्षरं कुठली घ्यायची? दुकानात या अक्षरांना सरसकट 'रेडियम' म्हणतात. रेडियम नावाच्या मूलद्रव्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो पीव्हीसीचा रंगीत पापुद्रा असतो आणि मागे चिकट थर. दुकानदार म्हणतो, "पाच वर्षं काही होणार नाही." आपलं काम इथून सुरू होतं: पाच वर्षं काय होणार नाही? रंग उडणार नाही, अक्षर आकसणार नाही की निघून येणार नाही? या तीन वेगळ्या घटना आहेत आणि तिघींची कारणंही वेगळी. नावाचा रंग फिकटला तर फार तर मालक हळहळेल, पण क्रमांकातला एक आकडा गळला तर समुद्रात गस्तीवाल्यांना उत्तर द्यावं लागतं.

आधी आकसण्याबद्दल. हा पापुद्रा दोन प्रकारे बनतो. कॅलेंडर्ड प्रकारात गरम पीव्हीसी रुळांमधून दाबून ताणत काढतात. तो ताण आत अडकून राहतो आणि उन्हात तापल्यावर पापुद्रा हळूहळू मूळ मापाकडे परतू पाहतो. कास्ट प्रकारात द्रव मिश्रण कागदावर पसरून भट्टीत सुकवतात; ताणलंच नाही, त्यामुळे आकसणं फारच कमी. कास्ट साधारण 50 मायक्रॉन जाडीचा, कॅलेंडर्ड बहुधा 70 ते 100. म्हणजे 'जाड तेवढं टिकाऊ' हा आपला अंदाज इथे उलटा पडतो. आकसलेलं अक्षर ओळखणं सोपं: कडेला गोंदाची बारीक रेघ उघडी पडते आणि त्यावर धूळ बसून काळी किनार दिसते.

आता देवनागरीची गंमत बघा. शिरोरेखेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात कापता येतो. पण समजा 60 सेंटीमीटरची शिरोरेखा अर्धा टक्का आकसली, तर 3 मिलीमीटर झाले, आणि ते दोन्ही टोकांना दिसणार. उलट अनुस्वाराचा ठिपका सुटा असतो. वर्तुळाचा परीघ भागिले क्षेत्रफळ म्हणजे 4 भागिले व्यास. ठिपका जितका लहान, तितकी त्याच्या वाट्याला कड जास्त. आणि पाणी शिरतं ते कडेनंच. म्हणून ठिपके मोठे ठेवावेत, टोकदार कोपरे गोल करावेत.

रंगाचं गणित निराळं. पांढऱ्यातला टायटॅनियम डायऑक्साइड आणि काळ्यातला कार्बन अतिनील किरण अडवतात. स्वस्त लाल-पिवळी सेंद्रिय रंगद्रव्यं आधी हार मानतात. क्रमांकासाठी मी काळा-पांढराच निवडेन.

मग प्रयोग कसा करायचा? झेनॉन दिव्याच्या पेटीत 340 नॅनोमीटरला 0.35 वॅट प्रति चौरस मीटर प्रति नॅनोमीटर या तीव्रतेनं 1000 तास ठेवलं, तर मात्रा 1.26 मेगाजूल होते. इथपर्यंत ठीक. पण 'म्हणून इतकी वर्षं' असं लिहायची घाई करू नका! पेटीत खारं पाणी नाही, लाटांचा मार नाही, जाळ्याची घासण नाही. शिवाय कंपन्यांच्या माहितीपत्रकातली वर्षं बहुधा उभ्या पृष्ठभागासाठी असतात. केबिनच्या छपरावर ऊन थेट पडतं, तिथे तो आकडा लागू नाही.

आणि चिकटण्याचं काय? गोंद कितीही भारी असला तरी सगळ्यात कच्चा थर आधी सुटतो. फायबरच्या नव्या बोटीवर साच्यातलं मेण राहिलेलं असतं. ते काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, पूर्ण कोरडं करूनच अक्षर लावावं. लाकडी होडीत लाकूड फुगतं-आकसतं, रंगाचा पोपडा सुटतो आणि अक्षर त्या पोपड्यासकट निघतं. तिथे कास्टवर पैसे घालण्यापेक्षा पेंटरच्या ब्रशनं लिहिलेलं नाव बरं. दरवर्षी रंगकाम होतंच.

जून-जुलैच्या बंदीत बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. मालकाला विचारून नाळेवर, केबिनच्या उभ्या बाजूला आणि छपरावर दोन्ही प्रकारच्या सारख्या मापाच्या पट्ट्या लावा. त्याच गुंडाळीतली एकेक पट्टी फायबरच्या तुकड्यावर चिकटवून अंधाऱ्या कपाटात ठेवा. पुढच्या जूनमध्ये लांबी मोजा, रंग कपाटातल्या पट्टीशी ताडून बघा, आणि शेवटी 180 अंशात सोलून किती जोर लागतो ते नोंदवा. सोलणं सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर ती पट्टी मोजण्यालायक उरत नाही.