दुसऱ्या पिढीपर्यंतचा हिशेब

ज्यांचा अभ्यास करायचा त्यांचीच बाजू मानवशास्त्रज्ञाने घ्यावी का, हा जुना वाद आहे. बाजू घेतली की नजर गढूळ होते, असे एक पक्ष म्हणतो. अन्याय समोर दिसत असताना गप्प राहणे हीसुद्धा बाजू घेणेच, असे दुसरा. तत्त्वचर्चेत याचा निकाल लागत नाही. धरणग्रस्तांच्या अभ्यासात तो बराचसा लागलेला दिसतो. संशोधकाची बांधिलकी तो किती काळ त्या माणसांत येत-जात राहतो यावरून जोखावी, आणि ज्ञानाची खात्रीही त्यातूनच वाढते, असे माझे म्हणणे आहे.

एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर या मानवशास्त्रज्ञांनी १९५६ साली झांबेझीच्या ग्वेम्बे खोऱ्यात, म्हणजे आजच्या झांबियात, अभ्यास सुरू केला. करिबा धरणामुळे सुमारे ५७,००० टोंगा लोक उठणार होते. त्यांची शेती नदीवर बेतलेली होती : पावसाळ्यात वरच्या रानात एक पीक, पूर ओसरला की काठच्या गाळपेरीत दुसरे. पावसाने दगा दिला तरी गाळपेर हात देई. १९५८च्या सप्टेंबरात चिसोमोच्या लोकांनी उठायला नकार दिला, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात आठ जण मेले. डिसेंबरात घळभरणी झाली आणि गाळपेर पाण्याखाली गेली. पुढे साठच्या दशकात मासेमारी, गुरे, शाळा यांनी बरे दिवस आले. त्या वेळी पाहणीला आलेला कोणीही ‘पुनर्वसन यशस्वी’ असा शेरा मारून गेला असता. सत्तरच्या दशकात मात्र देशाची अर्थव्यवस्था कोसळली, सीमेपलीकडचे युद्ध खोऱ्यात शिरले आणि घसरण सुरू झाली. हे दोघे पुन्हा पुन्हा जात राहिले म्हणूनच तिची नोंद झाली. पुनर्वसन साधले की नाही हे दुसऱ्या पिढीवरून ठरवावे, हा स्कडर यांचा निकष यातूनच आला.

नर्मदेवरच्या धरणातही याच दृष्टीची गरज होती. नर्मदेच्या पाणीतंट्यावरील १९७९च्या लवादाने बुडिताखाली जाणाऱ्या जमीनधारक कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन आणि सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंबाचा दर्जा दिला. पण अक्कलकुवा-अक्राणीतले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली वनजमीन सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून ते कागदोपत्री अतिक्रमणदार ठरले. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२मध्ये नेमके यावर बोट ठेवले. मानवशास्त्रज्ञ ह्यू ब्रॉडी तिचे सल्लागार होते. पुढच्याच वर्षी भारताने या धरणासाठीचे बँकेचे उरलेले कर्ज नाकारले.

अशा दीर्घ बांधिलकीवर पहिला आक्षेप पूर्वग्रहाचा. पण स्कडर अनेक वर्षे धरणांना अनुकूल होते. जागतिक धरण आयोगावर ते मेधा पाटकरांबरोबर सदस्य होते. मोठी धरणे परवडत नाहीत, या मताला ते उतारवयात आले. बांधिलकीने नजर बांधली गेली असती तर हे घडले नसते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : सल्लागार नेमला की प्रकल्पाला प्रतिष्ठा मिळते आणि माणसे उठायची ती उठतातच. हे खरे आहे. म्हणूनच अहवाल आधी प्रकल्पग्रस्तांच्या हाती त्यांच्या भाषेत पडावा आणि घळभरणीनंतरही अभ्यास चालू राहावा, या अटींवरच संशोधकाने काम स्वीकारावे. एकदाच केलेली पाहणी पुरत नाही, हे कोयनेवरून दिसते : इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांची कोयनाग्रस्तांची पाहणी १९६९ची. त्यानंतर अर्धशतक उलटले तरी कोयनेचे वारस जमिनीसाठी आंदोलन करीत होते. पुनर्वसनाच्या अंदाजपत्रकात भिंतीच्या देखभालीसारखी माणसांच्या पाहणीचीही कायमची तरतूद हवी, ती याचसाठी.