नृत्याला गुण कसे देतात?

देवळाली कॅम्प येथे भारतीय सैन्याची तोफखान्याची शाळा आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील जवान तेथे शिकावयास येतात. समजा, एका संध्याकाळी तेथील मैदानावर पंजाबी जवानांनी भांगडा केला, मराठी जवान लेझीम खेळले आणि मग कोणी विचारले, "यांत पहिला क्रमांक कोणाचा?" तर काय उत्तर द्यावे? भांगड्यात खांद्यांची उसळी पाहावयाची. लेझमीत सर्वांच्या चकत्या एकाच क्षणी खणखणतात की नाही, हे कानांनीच ऐकावयाचे. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निकाल देते. नृत्यासाठी असे घड्याळ कोठून आणावे?

अमेरिकेत दूरचित्रवाणीवर झालेल्या 'वर्ल्ड ऑफ डान्स' या स्पर्धेपुढे हीच अडचण होती. तेथे एकटी नर्तिका येई, तसाच मोठा संघही येई. म्हणून वय व संख्या पाहून स्पर्धकांचे चार गट पाडीत. नंतर तीन परीक्षक सादरीकरण, तंत्र, नृत्यरचना, कल्पकता आणि मांडणी या पाच अंगांना प्रत्येकी 20 पैकी गुण देत व तिघांच्या गुणांची सरासरी काढीत. तंत्र म्हणजे अर्थातच ज्या त्या शैलीचे तंत्र. बॅलेतील नर्तिका पायांच्या बोटांच्या टोकांवर उभी राहते, म्हणून इतरांनीही तसेच उभे राहावे, असे कोण म्हणेल? तरीही परीक्षकाची आवड गुणांत थोडीबहुत उतरतेच. परीक्षक एकाहून अधिक असावेत, ते याचसाठी.

2019 साली या स्पर्धेत वसई परिसरातील 'द किंग्ज' हा 14 तरुणांचा संघ उतरला. सुरेश मुकुंद हे त्याचे नृत्यदिग्दर्शक. 2015 साली याच संघाने सॅन दिएगो येथील जागतिक हिपहॉप स्पर्धेत कांस्यपदक मिळविले होते. हिपहॉप नृत्याचा उगम 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत झाला. या तरुणांनी त्याला हिंदी चित्रपटगीतांचा ठेका आणि धाडसी उड्यांची जोड दिली. गडी उंच उडे आणि खालचे सोबती त्यास अलगद झेलीत. हे नृत्य की कसरत, अशी शंका एखाद्यास येईल. परंतु झेलणाऱ्याची एक मात्रा चुकली, तर वरचा गडी जमिनीवर आदळावयाचा. ताल सांभाळण्याची याहून कडक परीक्षा क्वचितच असेल.

अंतिम फेरीत त्यांना 100 पैकी 100 गुण मिळाले. सरासरी पुरी शंभर भरली, याचा अर्थ तिन्ही परीक्षकांनी पाचही अंगांना पूर्ण गुण दिले होते. 10 लाख डॉलरांचे पारितोषिक घेऊन संघ मायदेशी परतला.