डोपामाइनचा पासंग

भावाला स्किझोफ्रेनिया आहे, बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत आणि तिने करून घेतलेल्या जनुकचाचणीच्या अहवालात ‘डोपामाइन ग्राहीच्या जनुकात बदल, धोका वाढलेला’ असं छापून आलंय. याचा अर्थ काय घ्यायचा, असं एका वाचकाने विचारलं आहे. उत्तर आधीच देतो: त्या ओळीवरून बहिणीचं भविष्य कळत नाही. पण अशी ओळ अहवालात येते कुठून, हे उमगल्याशिवाय धास्ती जायची नाही.

डोपामाइन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनावर संशय आला तो औषधांमुळे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध दिल्यावर रुग्णांचे भास ओसरू लागले. ते का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९६३ मध्ये डोपामाइनची दिशा दाखवली आणि १९७६ मध्ये टोरांटोच्या फिलिप सीमन यांनी एक आलेख मांडला. एका अक्षावर औषधाचा रोजचा डोस, दुसऱ्यावर ते डोपामाइनच्या ग्राहीला, म्हणजे पेशीवर डोपामाइन धरणाऱ्या रेणूला, किती घट्ट चिकटतं याचं माप. ठिपके जवळजवळ एका रेषेत पडले! मनोविकारांच्या अभ्यासात इतकं स्वच्छ चित्र क्वचितच दिसतं. त्याच वर्षी बॉल्टिमोरमध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेलाही हेच आढळलं. हा डी-२ ग्राही.

औषध जिथे लागू पडतं तिथेच आजाराचं मूळ असणार, हा तर्क मोठा मोहक. खुद्द सीमनही त्यातून सुटले नाहीत. १९९१ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना डी-४ या दुसऱ्या डोपामाइन ग्राहीचं जनुक मिळालं. बाकीची औषधं हरली की उपयोगी पडणारं क्लोझापिन याच ग्राहीला डी-२ पेक्षा कितीतरी घट्ट धरत होतं. शिवाय या जनुकात ४८ अक्षरांचा एक तुकडा कोणात दोनदा, कोणात चारदा, कोणात सातदा येतो. माणसामाणसांतला फरक आणि औषधाचा गुण, दोन्ही एकाच जागी! १९९३ मध्ये तर रुग्णांच्या मेंदूत डी-४ सहापट असल्याचा निष्कर्ष आला. पुढे इतरांना तो पडताळता आला नाही. केवळ डी-४ अडवणारं औषध रुग्णांना देऊन पाहिलं, तर १९९७ मध्ये तेही निष्फळ ठरलं. मला यात सीमन यांचा कमीपणा वाटत नाही. कल्पना इतकी नेमकी होती म्हणूनच ती खोडता आली.

खरी हानी केली ती त्या काळातल्या लहान लहान अभ्यासांनी. शे-दोनशे रुग्ण, तेवढेच निरोगी लोक, हाताशी असलेलं एखादं जनुक. फरक दिसला की शोधनिबंध तयार. पुढच्या गटात तो फरक नाहीसा व्हायचा. तराजूला बारीकसा पासंग असला तर किलोभर साखर घेताना तो जाणवत नाही. हंगामभराची पोती मोजली तरच ध्यानात येतो. जनुकांचे परिणाम असेच बारीक होते आणि सगळे किलोवर मोजत बसले होते.

पोती मोजली गेली ती २०१४ मध्ये. सुमारे ३७ हजार रुग्ण आणि १ लाख १३ हजार निरोगी लोक, कोणत्याही जनुकावर आधी बोट न ठेवता संपूर्ण जनुकसंच चाळलेला. आजाराशी जोडलेल्या १०८ जागा मिळाल्या आणि त्यांतली एक निघाली डी-२ च्या जनुकालगतची! हे वाचून मला आजही आनंद होतो. पण आकडा बघा: त्या जागेतल्या बदलाने धोक्यात पडणारा फरक दहा टक्क्यांहूनही कमी. सर्वसाधारण धोका शंभरात एकाच्या आसपास असतो, तो फार तर १.१ होणार. २०२२ पर्यंत अशा जागा २८७ झाल्या. त्यातही तपासलेले लोक मुख्यतः युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाचे; भारतीयांना ते गणित जसंच्या तसं लावता येत नाही.

बहिणीचा धोका सांगणारी खरी माहिती घरातच आहे. सख्ख्या भावंडाला हा आजार असेल तर धोका नऊ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहांतल्या नऊ भावंडांना तो होत नाही. झोप उडणं, माणसांपासून तुटणं, विनाकारण संशय अशी लक्षणं दिसलीच तर मनोविकारतज्ज्ञांकडे लवकर जावं. आणि भावाची औषधं कोणत्याही अहवालावरून परस्पर बंद करू नका. ती डी-२ ग्राही अडवून काम करतात, त्याच्या शेजारी कोणतं अक्षर आहे हे न विचारता.